घोटा हातात घेतला की

गावाकडच्या खेळाडूच्या पायाकडे नीट बघणारं कुणी नसतं. म्हणजे पाय मोडला तर सगळे धावतात, सूज आली तर घरचे ओरडतात, आई हळद गरम करायला घेते, पण पाय चांगला असताना, मॅचच्या आधी, तो हातात घेऊन याला कुठे दुखतंय, कुठे सैल झालंय, बोटांच्या मध्ये चिखल्या झाल्यात का, हे बघायला कुणी बसत नाही. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये पीटी शिकवते, मुलींची फुटबॉल टीम माझ्याकडे आहे, आणि इतकी वर्षं मुलींचे घोटे टेप करून करून, म्हणजे खेळताना मुरगळू नयेत म्हणून त्यांना चिकट पट्ट्यांनी बांधून, माझं पक्कं मत झालंय की टेपिंगचा अर्धा फायदा टेपचा असतो आणि उरलेला अर्धा त्या सात-आठ मिनिटांचा, जेव्हा तो पाय आपल्या मांडीवर असतो आणि आपण दुसरीकडे कुठेच बघत नसतो.

टेप म्हणजे कुठला ते आधी सांगते, कारण फार्मसीत जाऊन नुसतं टेप द्या म्हटलं की बहुतेक वेळा तो कागदी सर्जिकल टेप हातात पडतो, जो सलाईनची सुई चिकटवायला वापरतात, नाहीतर ते ब्राऊन क्रेप बँडेज. दोन्ही आपापल्या जागी चांगलेच आहेत, ताज्या सुजेवर दाब द्यायला क्रेप बँडेजसारखं सोयीचं काही नाही, पण ते बांधून मॅच खेळायला गेलं तर धावता धावता सरकतं आणि मग त्याचा आधार उरत नाही, उलट पायात अडकतं. खेळताना घोट्याला आधार हवा असेल तर लागतो तो झिंक ऑक्साइडवाला कडक स्पोर्ट्स टेप, सुती कापडाचा, साधारण ३८ मिलिमीटर रुंद, अजिबात न ताणला जाणारा. कात्री लागत नाही, दोन्ही अंगठे एकमेकांजवळ आणून एक झटका दिला की टर्रकन सरळ फाटतो, आणि हे फाडणं जमायला लागलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून मी मुलींना शिकवताना आधी जुन्या रोलवर नुसतं फाडायला लावते. त्याच्याखाली कातडीला लावायला पातळ फोमची गुंडाळी मिळते, अंडररॅप म्हणतात. आणि मांडीसारख्या जागी, जिथे स्नायू फुगतो-आवळतो, तिथे कडक टेप चालत नाही, तिथे ताणणारा चिकट इलॅस्टिक टेप लागतो.

बी.पी.एड.ला, म्हणजे पीटी टीचरच्या कोर्सला, असताना टेपिंग असं एका तासात दाखवून संपवलं होतं. खरं शिकले ते नंतर, एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीकडून, तिच्या पणजी शहरातल्या क्लिनिकमध्ये शनिवारी दुपारी बसून बसून. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, टेप नंतर, आधी पाय बघायला शीक.

आमच्याकडे पाय बघायची गरज जरा जास्तच आहे. गोव्यात फुटबॉल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, २०१२ मध्ये सरकारने त्याला राज्य खेळ म्हणून जाहीर केलं त्याच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक वाड्यावर एक टीम आहेच, पण सगळेच काही फातोर्ड्याच्या किंवा म्हापशाच्या धुळेरच्या स्टेडियमच्या चांगल्या ग्राउंडवर खेळत नाहीत ना. आमचं शाळेचं ग्राउंड जांभ्या मातीचं. जून ते सप्टेंबर त्यावर लाल चिखल, गवत घोट्याएवढं वाढतं आणि त्या गवताखाली खड्डा आहे की नाही हे पाय आत गेल्यावरच कळतं, आणि सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या तालुका लेव्हलच्या मॅच नेमक्या पावसातच येतात. पाऊस गेला की तीच माती चिऱ्यासारखी कडक होते, वर बारीक खडी सुटते, बुटाच्या स्टडखाली एक खडा आला की पाय घसरतो. भात कापून झालं की मुलं शेतात खेळतात, तिथे कापलेल्या भाताचे खुंट असतात आणि बॉलच्या मागे बघत धावताना मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाय खाली गेला की काम झालं. मुंबईत टर्फवर खेळणाऱ्या माझ्या भाचीला हे सांगितलं तर तिला खरं वाटत नाही.

घोटा आतल्या बाजूलाच का मुरगळतो हे मुलींना एकदा नीट दाखवलं की त्या कधी विसरत नाहीत. आपल्या घोट्याला दोन्ही बाजूंना हाडाचे दोन उंचवटे असतात, हात लावून बघा, बाहेरचा जास्त खाली येतो, आतला वरच संपतो. म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळायला लागला तर ते लांब हाड अडवतं, आत वळायला लागला तर अडवायला हाड नाही. शिवाय आतल्या बाजूचा लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, जाड, पंख्यासारखा पसरलेला, मजबूत. बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळे लिगामेंट आहेत आणि त्यातला पुढचा, फिब्युला या बाहेरच्या हाडापासून टेलस या घोट्यातल्या हाडापर्यंत जाणारा, सगळ्यात आधी ताणला जातो, विशेषतः पंजा खाली झुकलेला असताना. हेड मारून खाली येताना पाय तसाच असतो, आणि त्यात खाली दुसऱ्या मुलीचा बूट आला की पंजा आत दुमडतो. इतकंच. एका क्षणात होतं.

पण खरी अडचण त्या क्षणानंतर सुरू होते, आणि आमच्याकडे तेच कुणी मनावर घेत नाही. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, त्याच्यात बारीक बारीक नसांची टोकं असतात जी मेंदूला सतत सांगत असतात की पाय आत्ता कुठल्या कोनात आहे, आणि ती खबर पोचली की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू लगेच आवळून पाय सरळ करतात. लिगामेंट फाटला की ही खबर पोचवायची व्यवस्थाही बिघडते. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, दुखणं जातं, मुलगी म्हणते "दुखना टीचर, आतां दुखना", आणि खरंच दुखत नसतं. पण तिला एका पायावर डोळे मिटून उभं करा. चांगल्या पायावर ती आरामात उभी राहते आणि मुरगळलेल्या पायावर लगेच हलायला लागते, हात पसरते, डोळे उघडते. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. घोटा एकदा मुरगळलेला असणं हेच पुन्हा मुरगळण्याचं सगळ्यात मोठं कारण असतं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, आणि गावातल्या कुठल्याही जुन्या प्लेयरला विचारा, तो सांगेल की त्याचा तोच पाय किती वेळा गेला.

टेप इथे कामाला येतो. एक म्हणजे तो पायाला आत वळूच देत नाही, किंवा वळला तरी जास्त वळू देत नाही. आणि दुसरं म्हणजे कातडीला चिकटलेला असल्यामुळे पाय जरासा वाकडा व्हायला लागला तरी तिथली कातडी ओढली जाते, आणि ती ओढ मेंदूला खबर देते, जी फाटलेला लिगामेंट सध्या नीट देऊ शकत नाही. यातलं किती काम पहिल्यामुळे होतं आणि किती दुसऱ्यामुळे यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, मला विचाराल तर दोन्ही लागतात.

आता लावायचं कसं. मुलगी बाकावर बसते, पोटरी बाकावर आणि पाय बाकाच्या बाहेर मोकळा, माझी मांडी खाली. घोटा काटकोनात पाहिजे, बोटं स्वतःकडे खेचलेली, आणि शेवटपर्यंत तशीच, मध्ये गप्पा मारताना पंजा सैल सोडला की सगळा टेप चुकीच्या कोनात बसतो म्हणून मी सारखी म्हणत असते, पाय वर, पाय वर. कातडी धुतलेली आणि कोरडी, पावसात हे सगळ्यात कठीण, एक वेगळा टॉवेल फक्त त्यासाठी ठेवते. टाचेच्या मागे आणि घोट्याच्या पुढच्या घडीवर, जिथे घासून फोड येतात, तिथे कापसाच्या पातळ पट्टीवर थोडं व्हॅसलीन. मग अंडररॅपचा एकच थर, जास्त नाही, फोमचे चार थर केले तर टेप फोमला धरतो, पायाला धरत नाही, म्हणून दोन्ही टोकांना टेपसाठी थोडी उघडी कातडी सोडायची. मग पोटरीचा मांसल भाग संपतो तिथे एक पट्टी गोल, आणि तळव्याच्या मधोमध एक, या दोन्ही आवळायच्या नाहीत, नुसत्या ठेवायच्या, पुढच्या सगळ्या पट्ट्या यांच्यावर अडकणार. त्यानंतर मुख्य काम, आतल्या बाजूने वरून खाली यायचं, टाचेखालून जायचं आणि बाहेरच्या बाजूने वर ओढत नेऊन चिकटवायचं, घोड्याच्या रिकिबीसारखा आकार होतो. ओढ बाहेरच्या बाजूला वर जाताना द्यायची, उलटं केलं तर पाय आतच ओढला जाईल आणि ज्याच्यापासून वाचवायचं तेच होईल. अशा तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीवर अर्धी. मग टाच दोन्ही बाजूंनी पकडून ठेवणाऱ्या तिरप्या पट्ट्या, याला हील लॉक म्हणतात, शिकायला वेळ लागतो, पण हे नसेल तर बाकी सगळं अर्धवट. शेवटी वरून खालपर्यंत उघड्या राहिलेल्या जागा बंद करायच्या. पंज्यावरची शेवटची पट्टी लावताना मी मुलीला उभी करते, कारण वजन पडलं की पाय पसरतो, बसून लावलेली पट्टी उभं राहिल्यावर काचते.

आणि मग अंगठ्याचं नख दाबून सोडायचं, पांढरं झालेलं दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं, किंवा बोटांना मुंग्या येताहेत म्हणाली, तर सगळं काढून पुन्हा. रेफ्रीने शिट्टी वाजवली असली तरी पुन्हा.

रेफ्रीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, मोज्याच्या वरून टेप लावला तर तो मोज्याच्याच रंगाचा पाहिजे, फुटबॉलच्या नियमात तसं स्पष्ट आहे, आणि कानातल्या रिंगांवर टेप चिकटवून खेळणं चालत नाही, काढायलाच लागतात. चवथीला नवीन कुड्या घेतलेल्या मुली दरवर्षी विचारतात, टीचर वरून पट्टी मारली तर? नाही चालत गं बाई, नियम आहे, आणि चांगला नियम आहे, कान फाटलेला मी बघितलाय.

टेपने खरंच फरक पडतो का, हा प्रश्न मला पालकच नाही, इतर पीटी टीचरसुद्धा विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. १९७३ मध्ये अमेरिकेत गॅरिक आणि रेक्वा या दोघांनी बास्केटबॉल खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर केलेला अभ्यास या विषयात अजून सांगितला जातो, टेप लावून आणि उंच बूट घालून खेळणाऱ्यांचे घोटे कमी मुरगळले. त्यानंतरही बरंच काम झालं आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली की ज्यांचा घोटा आधी मुरगळलेला आहे त्यांना टेपचा किंवा ब्रेसचा, म्हणजे घोट्यावर चढवायच्या तयार पट्ट्याचा, फायदा सगळ्यात जास्त होतो. ज्या मुलीचा घोटा कधीच गेला नाही तिला टेप लावायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही, आमच्याकडे तेवढा टेपही नसतो, एका घोट्याला रोलचा चांगला मोठा तुकडा जातो. त्याहूनही जुना, १९६२ चा एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की दहा मिनिटं जोरात व्यायाम केल्यावर टेपचा सुमारे ४० टक्के आधार कमी झाला होता. दहा मिनिटं! आणि आमच्याकडे तर हवेतच पाणी असतं, ऑगस्टमध्ये नुसतं उभं राहिलं तरी पाठ भिजते. म्हणून सकाळी घरून टेप लावून येणाऱ्यांना मी सांगते की याचा उपयोग नाही, मॅचच्या अगदी आधी लावा, आणि हाफटाइमला पाणी पिताना मी प्रत्येक टेप केलेला पाय हाताने चाचपते, सैल वाटला तर वरून दोन पट्ट्या अजून. तरीही टेप सैल झाल्यावर फायदा पूर्ण जात नाही असं दिसतं, आणि माझ्या मते तिथे ती कातडीची खबर अजून चालू असते.

ब्रेसबद्दलही विचारतात. लेस बांधायचा घोट्याचा ब्रेस टेपइतकाच काम करतो, एकदा घेतला की वर्षभर चालतो, स्वतःच्या हाताने घालता येतो, आणि हिशोब केला तर स्वस्तच पडतो. ज्यांना परवडतो त्यांनी घ्यावा, व्हॉलीबॉलच्या मुलींना तर मी तोच सांगते. फुटबॉलच्या घट्ट बुटात तो बसवणं आणि त्यावर बॉलचा टच नीट येणं, इथे मुली कुरकुरतात, म्हणून आमच्याकडे टेप.

आता रंगीत टेप. निळा, गुलाबी, काळा, खांद्यावरून पाठीवर माशाच्या काट्यासारखा कापून लावलेला. हा वेगळा, ताणणारा टेप, किनेसिओ टेप, जपानमधल्या केंझो कासे या कायरोप्रॅक्टरने १९७०च्या दशकात काढलेला, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलच्या केरी वॉल्शच्या खांद्यावर दिसल्यावर सगळीकडे पोचला. २०१२ च्या युरो सेमीफायनलला इटलीच्या बालोटेलीने जर्मनीविरुद्ध गोल करून शर्ट काढला तेव्हा पाठीवर ज्या निळ्या पट्ट्या दिसल्या त्या याच. आमच्या मुलींनी हा टेप प्रत्यक्ष बघितला फातोर्ड्याला. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप भारतात होता, दोन्ही सेमीफायनल एकाच दिवशी आपल्याकडे, दिवाळीच्या सुट्टीत, आणि मी जमतील तेवढ्या मुलींना बसमध्ये घालून घेऊन गेले. नायजेरिया-कोलंबिया पेनल्टीवर गेली, स्पेनने जर्मनीला एका गोलने हरवलं, आणि माझ्या मुली बॉलपेक्षा त्या प्लेयरांच्या पायांकडे बघत होत्या, टीचर तिच्या गुडघ्याला बघा, टीचर तिच्या मांडीला बघा. आपल्याच वयाच्या मुली, त्यांच्या टीमसोबत फिजिओ धावत येतोय, बाटली, बॅग, टेप, सगळं घेऊन. येताना बसमध्ये सगळ्यांना रंगीत टेप पाहिजे होता.

मी त्यांना खरं ते सांगितलं. खरा किनेसिओ टेप आणि नुसता दाखवायला लावलेला टेप यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत आणि त्यांत फरक फारच थोडा किंवा काहीच नाही असं निघालं. थोडं दुखणं कमी वाटतं काहींना, बरं वाटतं, कातडीवर काहीतरी आहे याची जाणीव राहते. पण तो घोट्याला आत वळण्यापासून अडवू शकत नाही, कारण तो ताणतो, ताणण्यासाठीच बनवलाय. कुणी स्वतःच्या पैशाने लावला तर मी काढायला सांगत नाही. शाळेच्या पैशातून मात्र मी कडक पांढराच घेणार.

बोटांचं टेपिंग मात्र सगळ्यांनी शिकून घ्यावं इतकं सोपं आहे. आमची गोलकीपर, तिचं करंगळीशेजारचं बोट बॉल लागून मागे वाकलं, हाड शाबूत होतं, एक्स-रे काढून घेतला होता. दुखरं बोट शेजारच्या चांगल्या बोटाला बांधायचं, मध्ये कापसाचा किंवा गॉझचा छोटा तुकडा घालून, नाहीतर घामाने कातडी कुजते, आणि टेप सांध्याच्या वर आणि खाली, सांध्यावर नाही, म्हणजे बोट वाकतं पण आडवं जात नाही. कबड्डीच्या मुलांना तर हे रोजचं आहे. पण बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबत असेल आणि स्वतःहून सरळ करता येत नसेल तर ते मुरगळणं नाही, तिथे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलेला असतो, त्याला बोट सरळ धरून ठेवणारं स्प्लिंट लागतं आणि डॉक्टर लागतो, टेप नाही.

टेप कधी लावायचा नाही, हे मला लावण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्याकडे एक साधी पद्धत आहे, मुलीला मी टेप न लावता आधी चालायला सांगते, मग टाच उचलून चवड्यावर, मग त्या एकाच पायावर उड्या, मग आठच्या आकारात धावायला. यातलं काहीही लंगडत करत असेल तर त्या दिवशी टेप नाही आणि मॅचही नाही. एकदा तालुका सेमीफायनलच्या आधी आमच्या लेफ्ट विंगरला एका पायावर दोन उड्यासुद्धा मारता येत नव्हत्या, चेहरा बघूनच कळत होतं, तरी ती हसत होती, आणि तिचे बाबा कंपनीतून रजा काढून आले होते. ते माझ्याजवळ आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, टीचर, पट्टी जरा घट्ट मारा ना, आजच्या दिवस खेळूदे तिला, ती रात्रभर झोपली नाही. मी म्हटलं, बाबा, घट्ट पट्टीने दुखणं लपेल, पाय नाही सांभाळला जाणार, आणि आज ती पडली तर पुढचा सगळा सीझन जाईल. ते काही बोलले नाहीत. ती रडली, डगआउटमध्ये माझ्या शेजारी बसून रडतच मॅच बघितली. आम्ही ती मॅच हरलो. मी आजही तसंच करीन, कारण टेपच्या जोरावर दुखरा पाय ग्राउंडवर उतरवणं ही माझ्या मते खेळाडूची फसवणूक आहे, आणि मोठ्या माणसांनी केलेली फसवणूक आहे.

मुरगळलंय की मोडलंय हे ओळखायलाही एक चांगली पद्धत आहे, कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली, आणि ती प्रत्येक पीटी टीचरला पाठ पाहिजे. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेला, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, हाडावर दाबून बघा. पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाच्या मुळाशी दाबा. आतल्या बाजूला पायाच्या कमानीच्या वर जे हाड लागतं तिथे दाबा. कुठेही हाडावर दाबल्यावर दुखलं, किंवा पडल्या पडल्या आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. लहान मुलांत तर जास्तच सांभाळायला लागतं, कारण त्यांच्या हाडांच्या टोकाला वाढीची नाजूक जागा असते आणि कधीकधी लिगामेंट टिकतो पण ती जागा सरकते, बाहेरून दिसायला साधी सूज. म्हणून बाहेरच्या उंचवट्यावर हात लावू देत नसेल अशा बारा-तेरा वर्षांच्या पोरीला मी घरी पाठवत नाही, थेट इस्पितळात.

घरच्या उपायांबद्दल बोलायला मला जरा जड जातं, कारण ते मायेने केलेले असतात. आंबेहळदीचा लेप, तुरटी, तेल गरम करून आजी तासभर पाय चोळते. त्या हातांचा मला आदर आहे, माझी आजीसुद्धा चोळायची. पण ताज्या मुरगळलेल्या घोट्यात आत रक्त आणि पाणी साठत असतं, त्याला पहिले दोन-तीन दिवस गरम शेक आणि जोरात चोळणं नको, सूज वाढते. पाय उशीवर वर ठेवा, क्रेप बँडेज बांधा, दुखणं शमवायला कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ चालेल. आणि पूर्ण झोपवूनही ठेवू नका, दुखण्याच्या आत राहून हळूहळू चालायला लावा, आता जगभर तसंच सांगतात. चार-पाच दिवसांनी सूज उतरायला लागली की आजीने हलक्या हाताने तेल लावावं, दोघींनाही बरं वाटेल.

आणि टेप कायमचा नाही. आमच्याकडे कलमं बांधतात तेव्हा जोडावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात, जोड धरेपर्यंत ती लागतेच, पण धरल्यावर वेळेवर सोडली नाही तर तीच पट्टी खोडात रुतते. घोट्याचं तसंच आहे. मोठी मुरगळ असेल तर खेळताना सहा महिने, कधी वर्षभर आधार लावा, पण त्या काळात पायाला स्वतःचं काम परत शिकवत राहायला पाहिजे. दात घासताना एका पायावर उभं राहा, मी सगळ्यांना हाच गृहपाठ देते, सकाळी डावा, रात्री उजवा, जमलं की डोळे मिटून, ते जमलं की उशीवर उभं राहून. आणि टीमला वॉर्मअपमध्ये फिफाचा इलेव्हन प्लस करून घेते, वीस मिनिटांचा, धावणं, पोटा-मांड्यांची ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या १८९२ मुलींच्या अभ्यासात हा तपासून बघितला, निकाल २००८ मध्ये आले, एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. मुलींवर केलेला अभ्यास आहे म्हणून मी हा मुद्दाम सांगते, कारण मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा लिगामेंट फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं आणि गुडघ्याला कितीही टेप गुंडाळला तरी एसीएल वाचत नाही, तिथे वाचवते ती मांडीची ताकद आणि उतरायची पद्धत. याला एक पैसाही लागत नाही. तरी किती शाळांत करून घेतात? वेळ नाही म्हणतात, सरळ बॉल टाकतात मध्ये.

मॅच संपल्यावर टेप लगेच काढायचा, तसाच घालून झोपायचं नाही. बोथट टोकाची कात्री, घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या खोलगट जागेतून वर न्यायची, आणि टेप वर उचलून ओढायचा नाही, एका हाताने कातडी दाबून धरायची आणि टेप स्वतःवरच दुमडत मागे न्यायचा, केस ज्या दिशेला आहेत त्या दिशेने. चिकट राहिलं तर खोबरेल तेल लावून पुसायचं, आमच्याकडे ते घरोघरी आहेच. कातडी लाल झाली, पुरळ आलं, खाज सुटली तर तो टेप त्या मुलीला पुन्हा नको, काहींना त्या चिकटपणाची ॲलर्जी असते.

आता माझी एक मागणी आहे, आणि ती गावोगावच्या क्लबांना आणि मंडळांना आहे. आपल्याकडे टुर्नामेंट होतात तेव्हा माणसाएवढी ट्रॉफी असते, कॅश प्राइज असतं, लाउडस्पीकर असतो, आलेल्या पाहुण्यांना शाल-नारळ असतं, आणि ग्राउंडच्या कडेला फर्स्ट-एडच्या नावाने एक स्प्रे आणि कापसाची गुंडाळी. त्या खर्चातून कडक टेपचे थोडे रोल, अंडररॅप, दोन-तीन क्रेप बँडेज, बोथट कात्री, बर्फाची पेटी एवढं घ्या, आणि प्रत्येक टीममधल्या दोघांना तरी टेप लावायला आणि कुणाला लावायचा नाही हे ओळखायला शिकवा. आमच्या दहावीच्या मुली आता सातवी-आठवीच्या पोरींचे पाय स्वतः टेप करतात, मी फक्त नख दाबून बघते, आणि त्यातल्या एकीने मला फिजिओथेरपीच्या ॲडमिशनला कुठले विषय लागतात ते विचारलंय. फोंडा, डिचोली, सत्तरी, कुठल्याही मंडळाला शिकून घ्यायचं असेल तर मी शनिवारी संध्याकाळी यायला तयार आहे, सुरुवातीला लागणारा टेप मी आणते, तुम्ही फक्त टीममधल्या सगळ्यांना पाय धुऊन बसवा.